सोडतीच्या चिठ्ठीतला प्रश्न

(राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांसमोर सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

तुमच्या सरांनी फळ्यावर लिहिलंय, ‘पीएच.डी.चे प्रवेश: राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध’. अर्ज, तारखा, पैसे, सगळं सांगणार आहे. पण त्याआधी एक गोष्ट मनातली बोलू द्या, कारण ती पटली नाही तर बाकीचं नुसतं फॉर्म भरणं होतं.

आपल्याकडे एम.ए. झालेल्या पोराला पाहुणे विचारतात, ‘गाईड मिळाला का?’ मग विचारतात, ‘विषय ठरला का?’ तुझा प्रश्न काय आहे, हे कुणीच विचारत नाही. माझ्याकडे मुलं आराखडे पाठवतात. ‘पंचायत राजमधील महिला नेतृत्व: एक चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ सांगली जिल्हा.’ (हशा) हसलात म्हणजे कुणाच्या तरी वहीत हे आहे! लाजू नका. विषय उत्तम आहे. फक्त त्यात तुम्हाला कळत नसलेलं असं काय आहे, ते अजून आलेलं नाही.

आता सांगा, वॉर्डांच्या आरक्षणाची सोडत प्रत्यक्ष पाहिलेले किती जण आहेत? हात वर करा. बघा, निम्मा हॉल. काचेची बरणी, तिच्यात चिठ्ठ्या. शाळेतल्या एखाद्या मुलीला बोलावतात, ती चिठ्ठी काढते, साहेब वाचतात, ‘महिला’. मागच्या रांगेतल्या एका इच्छुकाचा चेहरा उतरतो. संध्याकाळी टपरीवर एकच विषय: कुणाचा वॉर्ड गेला आणि आता कुणाची बायको उभी राहणार. ती चर्चा खोटी नसते. मीही लहानपणापासून तीच ऐकत आले. पण त्या बरणीतून आणखी एक गोष्ट बाहेर पडते, आणि तिच्याकडे आपण बघत नाही. कुठला वॉर्ड महिलांसाठी राखीव होणार, हे तिथल्या लोकांच्या विचारांवर ठरत नाही, पक्षाच्या ताकदीवर नाही, शिक्षणावरही नाही. चिठ्ठीवर ठरतं. नव्या औषधाची चाचणी घेताना चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करतात ना, तसे शहराचे दोन गट आपोआप झालेले असतात. एवढा मोठा प्रयोग कुठल्या संशोधकाला स्वतःच्या पैशानं करता आला असता?

स्टॅनफर्डमध्ये पीएच.डी. करणाऱ्या रिखिल भावनानींना ते दिसलं. त्यांनी मुंबई महापालिकेच्या निवडणुका घेतल्या आणि विचारलं: आरक्षण निघून गेल्यावर काय होतं? एका निवडणुकीत राखीव असलेला वॉर्ड पुढच्या वेळी खुला झाला, तर बाई पुन्हा घरी जाते की निवडून येते? 1997 ला राखीव आणि 2002 ला खुले असलेले वॉर्ड त्यांनी दोन्ही वेळा खुल्या राहिलेल्या वॉर्डांशी ताडून पाहिले. आधी राखीव असलेल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. एकदा उभ्या राहिलेल्या काही बायका राजकारणात टिकल्या, आणि बाई जिंकू शकते हे पक्षांना कळलं, अशी कारणंही त्यांनी तपासली. 2009 साली हा लेख ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’त आला. राज्यशास्त्रात याहून मानाची जागा शोधावी लागेल.

हे ऐकून मला आनंद होतो आणि हळहळही वाटते. बरणी आपली, वॉर्ड आपले, टपरीवरची चर्चा आपली. ज्या खोलीत सोडत होते तिथे तुम्ही बसलेले असता. मतदारयादीतली आडनावं तुम्हाला वाचता येतात, कारखान्याच्या निवडणुकीत कुठलं पॅनल कुठल्या भावकीचं हे तुम्ही झोपेत सांगाल. एकाच तालुक्यात, सारख्याच पाण्यावर, एक कारखाना उसाला चांगला दर देतो आणि दुसरा बुडतो, असं का? हा प्रश्न आहे. ‘सहकाराचे राजकारण’ हा विषय झाला.

आता शिफारसपत्राबद्दल. हे जरा लांबेल, पण इथे प्राध्यापकही बसलेत म्हणून बोलते.

मी पहिल्यांदा परदेशी अर्ज केले तेव्हा तीन पत्रं हवी होती. एका सरांकडे गेले. ते म्हणाले, ‘तूच टाईप करून आण, मी सही करतो.’ दुसरे तेच म्हणाले, तिसरेही. वाईट माणसं नव्हती ती. वर्गात जीव ओतून शिकवायची. पण पत्र म्हणजे दाखला, खाली गोल शिक्का मारला की झालं, अशीच त्यांची समजूत होती. मी रात्री बसून स्वतःबद्दल तीन पत्रं लिहिली. कष्टाळू, वक्तशीर, सुस्वभावी, आज्ञाधारक. तिन्हींत तेच शब्द, कारण माझ्याकडे तेवढेच इंग्रजी शब्द होते. आठ ठिकाणी अर्ज केले. आठही ठिकाणांहून नकार आला.

पुढच्या वर्षी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या एका मॅडमकडे गेले. त्यांना कॉलेजचं लेटरहेडही मिळत नव्हतं. त्यांनी माझा एम.ए.चा प्रबंध पुन्हा वाचायला घेतला, मला तीन दुपारी समोर बसवलं, आणि पत्रात लिहिलं की या मुलीचा पहिला निष्कर्ष चुकला होता, तो तिने स्वतः गावोगाव जाऊन कसा तपासला आणि का बदलला. त्या वर्षी मला दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षीही मी तीच मुलगी होते हो! समितीपुढे शेकडो फायली असतात. आज्ञाधारक माणूस त्यांना नकोच असतो, चूक कबूल करून पुढे जाणारा हवा असतो. म्हणून सर, मॅडम, हात जोडून सांगते: मुलांना पत्र टाईप करून आणायला सांगू नका. वेळ नसेल तर नाही म्हणा, ते परवडतं.

आयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. भरभर सांगते, लिहून घ्या.

अमेरिकेत आंतरराष्ट्रीय संबंध हा बहुतेक ठिकाणी राज्यशास्त्राचाच उपविषय असतो, तेव्हा अर्ज राज्यशास्त्र विभागाकडे. हार्वर्ड, कॉर्नेल त्याला ‘गव्हर्नमेंट’ म्हणतात, प्रिन्स्टन ‘पॉलिटिक्स’. नाव बघून फसू नका. तिथे आधी गाईड शोधावा लागत नाही, एम.ए.ची सक्तीही सहसा नसते. मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये, तुमचा होकार 15 एप्रिलपर्यंत. चांगल्या विभागांत साधारण पाच वर्षं फी माफ असते आणि वर विद्यावेतन, त्याबदल्यात शिकवण्याचं नाहीतर संशोधनात मदतीचं काम. पैसे देत नसतील तिथे जाऊ नका. जीआरई ही प्रवेशपरीक्षा बऱ्याच ठिकाणी आता ऐच्छिक आहे, पण संख्याशास्त्र शिका, त्याला पर्याय नाही. लेखनाचा नमुना मागतात. तुमचा प्रबंध मराठीत असेल तर त्यातलं सर्वांत भक्कम प्रकरण स्वतः इंग्रजीत लिहा, दुसऱ्याकडून करून घेऊ नका. अर्जाच्या फीची माफी मागता येते, ईमेल करा.

ब्रिटनमध्ये उलटं. आंतरराष्ट्रीय संबंधांचा विभाग अनेकदा स्वतंत्र असतो. जगातला पहिला 1919 साली वेल्समध्ये ॲबरिस्टविथला निघाला. तिथे आराखडा आणि मार्गदर्शक आधी, पीएच.डी. तीन-चार वर्षांची, आणि पैशाची सोय वेगळी शोधावी लागते.

आपल्याकडे दिल्लीत जेएनयूची स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज आहे, 1955 साली सप्रू हाऊसमध्ये सुरू झालेली. 2024 च्या जूनपासून पीएच.डी. प्रवेशासाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण धरायचं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, ठरवलंय. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप, नसलेल्यांना नेट 70 टक्के, मुलाखत 30, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. जाहिरातीत पेट, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची प्रवेशपरीक्षा, आहे की नेट ते नीट वाचा. जेआरएफ मिळाली तर महिना 37,000 रुपये. राज्यशास्त्राचा नेटचा पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, मराठीत नसतो. मराठी माध्यमाच्या मुलांवर हा अन्याय आहे आणि तो आपण बोलून दाखवत राहिलं पाहिजे. राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप तुम्हाला माहीत आहेतच.

शेवटचं. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांसाठी. 2022 मध्ये तिच्यात अट घातली की भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं सामाजिक संशोधन यांना ती मिळणार नाही. बाबासाहेब 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध तिथल्या राज्यशास्त्र विद्याशाखेला सादर झाला, आणि तो ब्रिटिश भारतातल्या प्रांतांच्या अर्थकारणावर होता. भारतावर लिहायला भारताबाहेर जाणं त्या महाराजांना खटकलं नव्हतं. ही अट जायला हवी. तोवर अर्ज करताना ती नीट वाचा, म्हणजे सहा महिन्यांची मेहनत वाया जाणार नाही.

माझी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे. ज्यांनी आराखडे आणलेत त्यांनी पुढे द्या. नसेल तर कोऱ्या कागदावर शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं एकच वाक्य लिहा. मी इथेच बसते.