तीच गुहा

दृश्य : कोपरखैरणे, संध्याकाळ. सिडकोच्या बैठ्या घरांची गल्ली.

ही गल्ली नीट बघा. सिडकोने बांधली तेव्हा इथली घरं एकाच साच्यातली. तोच दरवाजा, तीच खिडकी, मोरीही त्याच कोपऱ्यात. मग माणसं राहायला आली. कुणी वर मजले चढवले, कुणी ग्रिल बाहेर काढून तुळस ठेवली, कुणी भिंत पोपटी रंगवली. आता घर चुकायची सोय नाही.

दृश्य : मॉनिटर. दगडी गुहा.

या गुहेला मात्र कुणी साधा चुनाही फासला नाही.

गेमचं नाव 'ड्रॅगन एज 2'. माझी ताई तो सहाव्यांदा खेळतेय. ही तिची वही. गुहेत शिरली की एक रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. क्वेस्ट, म्हणजे कामगिरी, वेगळी, शत्रू वेगळे, गुहा तीच. आता कोपऱ्यातला मिनिमॅप, म्हणजे छोटा नकाशा, बघा. उजवीकडे रस्ता दिसतोय ना? तिकडे जायला गेलं की समोर दगडी फळी. जुन्या गुहेचं एक दार बुजवायचं, की झाली नवी गुहा!

असं का झालं, ते समजून घ्यायला हवं. गेम बनवला कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअरने. मालिकेचा पहिला भाग, 'ओरिजिन्स', त्यांनी 2004 मध्ये जाहीर केला आणि तो बाजारात आला नोव्हेंबर 2009 मध्ये. दुसरा भाग आला मार्च 2011 मध्ये. मधे सोळा महिने. तेवढ्या वेळात आमच्या घरावर एक मजला चढला होता, तोही बिनप्लास्टरचा. त्यामुळे बनवणाऱ्यांवर मला फार दात काढता येत नाहीत.

दृश्य : लढाई. छपरावरून शत्रू टपाटप पडतात.

हेही तसंच. एक टोळी संपली की दुसरी आभाळातून पडते. ताईला विचारलं, तर म्हणाली, "गोष्ट व्हॅरिक सांगतोय. गुहेचं वर्णन करायचा त्याला कंटाळा आलाय." व्हॅरिक हा गेममधला बुटका, गोष्टीवेल्हाळ निवेदक. सुरुवातीलाच तो इतकी फेकतो, की चौकशीला बसलेली कॅसँड्रा त्याला मधेच अडवते. ताईची ही पळवाट आहे, पण छान आहे. आणि निवेदकावर फार भरवसा ठेवू नये, हे मीही मान्य करतो.

दृश्य : जहाज. कर्कवॉलचं बंदर, साखळदंडातले पुतळे.

मला या गेमचं खरं मोल इथे दिसतं. जग वाचवायला निघालेला वीर इथे नाही. हॉक म्हणजे आपण खेळतो ते पात्र. त्याचं कुटुंब गाव सोडून पळालंय, जहाजाने शहरात आलंय आणि मामाच्या खुराड्यात पथारी टाकून राहतंय. आजोळचा वाडा होता, तो मामाने जुगाराच्या कर्जात घालवला. पुढची काही वर्षं याच एका शहरात काढायची. सोबत्यांची घरं इथेच. व्हॅरिक दारूच्या गुत्त्यात, मेरिल एल्फांच्या वस्तीत, अँडर्सचा दवाखाना गटारांच्या शेजारी. त्यांच्याकडे उठून जावं लागतं, दार ठोठवावं लागतं.

सोबत्यांतली अ‍ॅव्हलिन शहराच्या पहारेकऱ्यांची कॅप्टन. शत्रूला उभी फाडते. तिला हाताखालचा डॉनिक आवडतो, पण सांगायचं कसं? तर ती त्याला तांब्याची झेंडूची फुलं पाठवते. तांब्याची! हा भाग आला की ताई खुर्चीतून वाकून हसते. कॅमेरा हललाय, कारण मीही हसत होतो.

तिसऱ्या अंकात अँडर्स चँट्री, म्हणजे तिथलं मोठं देऊळ, उडवतो, जादूगार आणि त्यांच्यावर पहारा ठेवणारे टेम्प्लर एकमेकांवर तुटून पडतात, शहर जातं. पुढचा भाग 2014 मध्ये आला. त्यात रानं भरपूर होती.

दृश्य : पात्र निवडायचा पडदा.

ताई दर वेळी जादूगार होते. हॉक जादूगार असला, की सुरुवातीच्या पळापळीत बहीण मरते आणि धाकटा भाऊ, कार्व्हर, वाचतो. सतत फुरंगटलेला, थोरल्याच्या सावलीत कुढणारा. मी एकदा म्हटलं, "योद्धा हो ना, बहीण वाचेल." तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पहिल्या अंकाच्या शेवटी सगळे डीप रोड्समध्ये निघतात, बुटक्यांच्या जुन्या भुयारी रस्त्यांत. कार्व्हरला न्यायचं की घरी ठेवायचं? नेलं तर त्याला तिथली कीड लागते. घरी ठेवलं तर तो टेम्प्लरांत भरती होतो, म्हणजे जादूगारांवर पहारा ठेवणाऱ्यांत. म्हणजे ताईवरच.

"पण अँडर्सला बरोबर घेतलं तर कार्व्हर वाचतो ना?" मी कॅमेऱ्यामागून विचारलं.

"वाचतो रे. पण मग ग्रे वॉर्डन नावाची लढवय्यांची फौज त्याला भरती करून घेऊन जाते. टेम्प्लर झाला तर निदान याच शहरात राहतो."

दृश्य : माऊसवरचा हात. पडद्यावर कार्व्हर दाराशी उभा. निवेदन नाही.