गुरूंच्या ट्रंकेतला इतिहास

नमस्कार श्रोतेहो. कोजागिरीला सप्तशृंगगडावर तृतीयपंथीयांचा छबिना निघतो, हे नाशिक जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण तीस वर्षांपूर्वीच्या छबिन्यात कोण कोण होतं, हे कुठे सापडेल? बहुधा एखाद्या गुरूंच्या ट्रंकेत, फोटोंच्या पाकिटात. ती ट्रंक आणि सरकारी दप्तर उघडायचं कसं आणि त्यातून पुस्तिका कशी काढायची, ते आज पाहू.

आधी दप्तर. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, बहुतेक मोडी लिपीत. पेशवाईत मराठी मुलखातल्या काही हिजड्यांना गावोगाव धान्य-पैसा मागण्याचा मान्य हक्क होता आणि तो गुरूकडून चेल्याकडे जाई. इंग्रज सरकारने अशा हक्कांना मान्यता नाकारली. त्यावरचा पत्रव्यवहार मात्र मागे राहिला. ‘तृतीयपंथी’ हा शब्द जुन्या कागदांत शोधू नका, तो अलीकडचा. हिजडा, खोजा, षंढ, नपुंसक हे शब्द बघा. यात ‘खोजा’ हमखास फसवतो. मुंबईच्या कागदांतला खोजा बहुतेक वेळा त्या नावाच्या मुसलमान व्यापारी समाजातला असतो.

दुसरी चूक १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याबद्दल होते. त्याच्या दुसऱ्या भागानुसार ‘यूनक’ (नपुंसक) म्हणून नोंद झालेली व्यक्ती बायकी पोशाखात रस्त्यावर दिसली किंवा नाचली, तर दोन वर्षांपर्यंत कैद होती. पण तो कायदा सुरुवातीला वायव्य प्रांत (आजच्या उत्तर प्रदेशाचा भाग), पंजाब आणि अवध इथेच लागू होता. नाशिकच्या कागदांत तशी नोंदवही मिळाली नाही, तर ‘इथे सगळं ठीक होतं’ असा निष्कर्ष काढू नका.

नाशिकमध्ये सुरुवात १८४० सालच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयापासून करा. नाशिकचं १८८३चं गॅझेटियर मागा आणि त्यातलं लोकसंख्येचं प्रकरण वाचा. मग वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली. आधी पंचांगावरून प्रत्येक वर्षाच्या आश्विन पौर्णिमेची तारीख काढा आणि तिच्या पुढच्या चार दिवसांचे अंक पाहा. नाहीतर सबंध वर्ष चाळण्यात आठवडा जातो.

इंटरसेक्स व्यक्तींचा इतिहास वेगळा धरा. जन्मतःच लैंगिक अवयव, गुणसूत्रं किंवा संप्रेरकं स्त्री-पुरुषाच्या ठरीव साच्यात बसत नाहीत, अशी ही माणसं. जुन्या कागदांत सगळ्यांना एकाच शब्दात कोंबलेलं असतं. कुणी ‘जन्माचा हिजडा’ लिहिलं, एवढ्यावर ती व्यक्ती इंटरसेक्स ठरत नाही. त्यांचे खरे कागद दवाखान्यांत असतात. तिथे अडचण अशी की, २००२च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची नोंद निदान तीनच वर्षं जपावी लागते. म्हणून घरातलं डिस्चार्ज कार्ड मोलाचं. तान्ह्या बाळावर अनावश्यक लिंग-शस्त्रक्रिया करू नयेत, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितलं. पण आधी झालेल्या शस्त्रक्रियांची आठवण आता त्या कार्डांतच उरली आहे.

आता ट्रंक. ती गुरूंच्याच घरी राहू द्या, आपण फक्त प्रती काढायच्या. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो उपटू नका. आधी आहे तसा मोबाइलवर टिपा. सुटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करून टिफ फाइलच्या स्वरूपात ठेवा. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा ठसा समोर उमटतो. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको. पावसाळ्यात ट्रंक जमिनीवरून उचलून, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. प्रती निदान दोन ठिकाणी असाव्यात. बर्लिनच्या लैंगिक विज्ञान संस्थेचं ग्रंथालय १९३३च्या मे महिन्यात नाझींनी लुटून जाळलं आणि एका छताखालचा संग्रह एका आठवड्याच्या आत गेला.

प्रत्येक फोटोमागे परवानगी विचारा : नाव छापायचं का, कोणतं, चेहरा दाखवायचा का, गाव सांगायचं का. फोटो देणाऱ्याची परवानगी म्हणजे फोटोतल्या सगळ्यांची नव्हे. ज्यांचा पत्ता लागत नाही, त्यांचे चेहरे झाका. जन्माच्या वेळचं जुनं नाव त्या व्यक्तीने स्वतः सांगितल्याशिवाय छापायचंच नाही.

पुस्तिका सोळा पानांची ठेवा. चार ए-फोर कागद मधोमध दुमडले की झाली. कोऱ्या कागदांचा नमुना करून पानांवर आकडे घाला. कागदाच्या एका बाजूच्या दोन पानांची बेरीज नेहमी सतरा येते : सोळा आणि एक, दोन आणि पंधरा. दोन्ही बाजू छापताना कागद आखूड कडेवर उलटवा, नाहीतर मागची पानं उलटी येतात. घडीच्या बाजूला पंधरा मिलिमीटर समास सोडा, बाहेर दहा.

झेरॉक्समध्ये सावळे चेहरे काळेठिक्कर होतात, हे सगळ्यात जास्त बिघडतं आणि सगळ्यात जास्त दुखतं. म्हणून फोटोतल्या मधल्या छटा आधी उजळून घ्या आणि एक प्रत काढून पाहा. साधा स्टेपलर घडीपर्यंत पोचत नाही. तो पूर्ण उघडा, खाली जाड पुठ्ठा ठेवा, पिना टोचा आणि मागून हाताने वाकवा.

पहिल्या प्रती ज्यांच्या ट्रंकेतून फोटो आले, त्यांच्या हातात द्या. एक वाचनालयात द्या आणि दाखल-नोंदवहीत तिचा क्रमांक पडला का, ते पाहूनच बाहेर पडा.