फिजिक्सची वही

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरच्या रामबागेतल्या किंवा लोकमान्यनगरातल्या एखाद्या मराठी घरातली दहावी-अकरावीची मुलगी डोळ्यांसमोर आणा. आई म्हणते, 'पोहे खाऊन जा', तर ही दार आपटून निघते. आजीशी मुद्दाम हिंदीत बोलते. आणि हीच पोरगी भंवरकुआँच्या कोचिंगमधल्या सरांची फिजिक्सची वही मात्र तीन रंगांच्या पेनांनी, पट्टीनं समास आखून लिहिते. सर रजेवर असले की हिचं डोकं दुखतं.

सरांविषयीची ही ओढ आईच्या सगळ्यात आधी लक्षात येते. मग एक तर घरात चेष्टा सुरू होते, नाहीतर मोबाइलची झडती. मला विचाराल तर चेष्टा जास्त वाईट. मामा-काकूंसमोर 'काय गं, तुझे सर काय म्हणतात?' असं एकदा झालं, की ती घरात मनातलं बोलणं बंद करते. आणि तिनं बोलायलाच हवं, अशी वेळ येऊ शकते. त्याकडे येतेच.

घरच्यांशी भांडणाऱ्या मुलीला नेमके सरच का आवडावेत? अहो, घरी तिच्या वाट्याला येतात ते हुकूम. ऊठ, आवर, फोन ठेव. वर्गात कुणीतरी तिचा प्रश्न शेवटपर्यंत ऐकतं, 'छान विचारलंस' म्हणतं. त्यात या वयात भावना उसळतात झटकन, आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. अशी ओढ वाटण्यात वावगं काही नाही. बहुतेकदा ती आपोआप ओसरते.

सांभाळायचं ते मोठ्या माणसानं. शिक्षकानं तिला चारचौघांत लाजवू नये, पण रात्री अकराच्या 'सर, जागे आहात?'ला उत्तरही देऊ नये. शंका वर्गातच सोडवाव्यात. चिठ्ठी आली तर खिशात न ठेवता एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या कानावर घालावं.

आणि शिक्षकच पुढे सरकला तर? मुलगी 'माझी मर्जी होती' म्हणाली तरी कायदा ते धरत नाही. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल बालकच, मुलगा असो वा मुलगी. आणि शिक्षणसंस्थेतल्या माणसाचा असा गुन्हा अधिक गंभीर मानला जातो. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन रात्रीही चालू असते, पैसे पडत नाहीत.

आज जेवताना सरांचा विषय काढायचाच असेल, तर एवढंच विचारा, 'शिकवतात कसं गं?' ती अर्धा तास बोलेल. बोलू द्या. मधे मार्कांचं काढू नका.