खुर्ची देणाऱ्याची जबाबदारी

मित्रहो, पत्रिकेत आजचा विषय ‘मालक आणि एजंट यांची जबाबदारी’ असा छापला आहे. एजंटाच्या वैयक्तिक जबाबदारीकडे मी येणारच आहे, पण त्याआधी बरीच वर्षं मनात खदखदणारी एक गोष्ट बोलून टाकतो. एजंटानं कुणाला फसवलं की मालक म्हणतो, ‘आम्ही त्याला तसा अधिकारच दिला नव्हता.’ हे ऐकलं की माझा संताप होतो. अधिकारपत्र तुमच्या कपाटात असतं. समोरच्या माणसाला ते दिसणार कसं? (हसताय म्हणजे अनुभव दिसतोय!)

लॉइड विरुद्ध ग्रेस, स्मिथ आणि कंपनी हा खटला इथल्या वकिलांना पाठ असेल. बाकीच्यांसाठी सावकाश सांगतो, कारण तो माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. एक विधवा बाई होती. दोन लहान घरं आणि गहाणावर दिलेली थोडी रक्कम, एवढीच तिची पुंजी. उत्पन्न पुरेना, म्हणून ती लिव्हरपूलच्या एका सॉलिसिटर पेढीत सल्ला विचारायला गेली. भेटला तो पेढीचा मुख्य कारकून. घरं विका म्हणाला आणि दोन दस्त पुढे सरकवले. विक्रीसाठी लागत असतील, असं समजून तिनं न वाचता सही केली. त्या सहीनं सगळी मिळकत त्या कारकुनाच्याच नावावर झाली, आणि त्यानं ती फुंकून टाकली. पेढीच्या मालकाला यातलं काही ठाऊक नव्हतं, छदामही मिळाला नव्हता. म्हणून अपिलात पेढी सुटली. एजंटाची लबाडी मालकाच्या फायद्यासाठी असेल तरच मालक जबाबदार, असा बारविक खटल्यातल्या १८६७च्या निकालाचा अर्थ तोवर लावला जायचा. १९१२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वात वरच्या न्यायालयानं, तो अर्थ मोडीत काढला आणि पेढीला जबाबदार धरलं. फायदा कुणाचा झाला हा प्रश्नच नव्हता. असल्या कामासाठी त्या माणसाला त्या खुर्चीत बसवलं कुणी, हा होता.

आपल्या १८७२च्या करार कायद्यातही हे आहे. कलम २३७चं उदाहरण पाहा. मालक एजंटाकडे माल विकायला देतो आणि अमुक किमतीखाली विकू नकोस असं बजावतो. एजंट कमी किमतीला सौदा करतो. घेणाऱ्याला ती सूचना माहीत नसेल, तर सौदा मालकावर बंधनकारक. कलम २३८ कामाच्या ओघात एजंटानं केलेल्या लबाडीचंही ओझं मालकावर टाकतं.

मग १९७८चा स्टेट बँक विरुद्ध श्यामा देवी हा निकाल मला का सलतो? तिच्या नवऱ्यानं बँकेतल्या ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे खात्यात भरायला पैसे दिले, पावती घेतली नाही. त्यानं ते हडप केले आणि पासबुकात खोट्या नोंदी केल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे पैसे त्यानं मित्र म्हणून घेतले, बँकेचा नोकर म्हणून नव्हे; बँक जबाबदार नाही. पैसे घेण्यापुरता हा तर्क मला कळतो. पण पासबुकात नोंद करायची संधी त्याला मैत्रीनं दिली होती की नोकरीनं? ही बाजू मला फार मोलाची वाटते, आणि निकालात तिला हवं तेवढं वजन मिळालं नाही, असं माझं ठाम मत आहे.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. तर एजंटाची वैयक्तिक जबाबदारी. कलम २३०: एरवी एजंट स्वतः बांधला जात नाही. अपवाद तीन: परदेशी व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी-विक्री, मालकाचं नाव न सांगणं, आणि ज्याच्यावर दावाच लावता येत नाही असा मालक. अशा वेळी कलम २३३नुसार एजंट, मालक किंवा दोघांनाही धरता येतं. अधिकार नसताना एजंट म्हणून मिरवलं आणि कथित मालकानं व्यवहार मान्य केला नाही, तर कलम २३५खाली भरपाई त्या तोतयाकडून. आणि चेकवर, हुंडीवर मालकासाठी सही करणाऱ्यांनो, आपण कुणाच्या वतीनं सही करतोय ते तिथेच लिहा. नाहीतर चेक-हुंड्यांसाठीच्या १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम २८ तुम्हालाच धरतं. प्रश्न असतील त्यांनी इकडे पुढे या.