चिन्ह का बदलते?
(दादर येथे शिक्षक आणि पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, ८ + ४ = □ + ५ एवढे फळ्यावर लिहा आणि पाचवी-सहावीच्या वर्गाला चौकटीतली संख्या विचारा. बरीच मुले १२ सांगतात. उत्तर ७ आहे. ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी त्यांची समजूत झालेली असते. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ मध्ये हे चिन्ह वापरले तेव्हा दोन सारख्या लांबीच्या समांतर रेघा निवडल्या, कारण त्यांच्याहून अधिक समान काही असू शकत नाही असे त्यांना वाटले. डावी आणि उजवी बाजू एकाच किमतीची, हे पक्के झाल्याशिवाय समीकरणाला हात लावू नये.

त्यानंतर आपण घाई करतो आणि सांगतो, ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते.’ माझा या वाक्याला ठाम विरोध आहे. −३क्ष = १२ हे उदाहरण घ्या. मूल −३ पलीकडे नेते, +३ करते आणि क्ष = १५ लिहिते. त्याने नियम पाळला, तरी उत्तर चुकले. येथे −३ हा क्षचा सहगुणक आहे, म्हणजे गुणाकार आहे. तो सोडवायला दोन्ही बाजूंना −३ ने भागायचे. क्ष = −४. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक ओळीशेजारी ‘दोन्ही बाजूंना ७ मिळवले’, ‘दोन्ही बाजूंना ३ ने भागले’ असे लिहून घ्या. वही भरते, भरू द्या.

अपूर्णांक आले की दोन चुका हमखास होतात. क्ष/२ − (क्ष − ३)/४ = २. दोन्ही बाजूंना ४ ने गुणले की २क्ष − (क्ष − ३) = ८. पहिली चूक म्हणजे उजवीकडचा २ गुणायचा राहतो. दुसरी कंसाची: वजा चिन्ह दोन्ही पदांना लागते, म्हणून २क्ष − क्ष + ३ = ८ आणि क्ष = ५. मूल ‘− ३’ लिहिते आणि ११ वर पोहोचते. ताळा मूळ समीकरणातच घ्यायचा, मधल्या ओळीत नाही. मधली ओळच चुकली असेल तर ११ तिथे बिनबोभाट बसेल. मूळ समीकरणात मात्र डावी बाजू ३.५ येते, उजवीकडे २ आहेत.

आता असमता, म्हणजे ‘=’ ऐवजी ≥ (मोठे किंवा समान) अथवा ≤ (लहान किंवा समान) असे चिन्ह असलेली मांडणी. खिशात २०० रुपये आहेत, वडापाव समजा १८ रुपयांना, आणि घरी जायला निदान ६५ उरायला हवेत. क्ष वडापाव घेतले तर २०० − १८क्ष ≥ ६५. दोन्ही बाजूंतून २०० वजा केले: −१८क्ष ≥ −१३५. आता −१८ ने भागताना चिन्ह उलटते: क्ष ≤ ७.५. का उलटते? २ < ५, पण −२ > −५. ऋण संख्येने गुणले किंवा भागले की संख्यारेषेवरचा क्रम शून्याभोवती उलटा होतो. ज्याला हे अवघड वाटते त्याने १८क्ष दोन्ही बाजूंना मिळवावे: २०० ≥ ६५ + १८क्ष, १३५ ≥ १८क्ष, ७.५ ≥ क्ष. ऋण भागाकाराची वेळच येत नाही. मी नवशिक्यांना हाच रस्ता देतो.

चिन्ह उलटायला विसरलो तर क्ष ≥ ७.५ येते, म्हणजे जितके जास्त वडापाव घ्याल तितके पैसे सुरक्षित! असमतेचा ताळा एका संख्येने होत नाही. सीमेवर ७.५ ठेवून बरोबर ६५ येतात का पाहा, मग दोन्हीकडची एकेक संख्या घ्या. ७ घेतले तर ७४ रुपये उरतात, ८ घेतले तर ५६. आणि अर्धा वडापाव कोणी विकत नाही, म्हणून उत्तर जास्तीत जास्त ७.