आठवताना काय घडतं?

स्मरणशक्तीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘लक्षात राहावं म्हणून काय करू?’ प्रश्न रास्तच आहे. पण तो विचारताना आपण धरून चालतो की खरं काम वाचताना, ऐकताना होतं. पुढे आठवायचं म्हणजे जे आत गेलं ते नुसतं बाहेर काढायचं. मंडळी, आज मला या दुसऱ्या भागाबद्दल बोलायचं आहे. आठवतानाही स्मृती घडत असते, आणि कधी कधी बिघडतही असते.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्थाचा आधार मिळू नये म्हणून तो निरर्थक अक्षरगटांच्या याद्या ठरावीक ठेक्यावर पाठ करायचा. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती वेळ कमी लागतो, हे तो मोजायचा. तासाभरानंतर ही बचत निम्म्याच्याही खाली आलेली असे, दुसऱ्या दिवशी साधारण एक तृतीयांश. पुढची घसरण मात्र संथ; महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक. म्हणजे ‘पार विसरलो’ असं वाटतं तेव्हाही काहीतरी उरलेलं असतंच.

ही घसरण थोपवायची कशी? आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे पुन्हा वाचा, आणखी एकदा डोळ्यांखालून घाला. रोडिगर आणि कार्पिके या दोन संशोधकांनी २००६ मध्ये हेच तपासून पाहिलं. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात तीन-चार वेळा वाचला. उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. काय चुकलं, काय राहिलं, हेही त्यांना कोणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे सरस ठरले: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र पालटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही, की पुढे आपल्याला चांगलं आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. ओळखीचा मजकूर सरसर वाचला जातो आणि आपल्याला ते येतंय असं वाटू लागतं. तेव्हा अभ्यासाला बसलेल्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. अडाल, चिडचिड होईल, तरी लगेच पान उघडू नका. त्या अडण्यातच शिकणं चाललेलं असतं.

आता याचीच दुसरी बाजू. आठवताना स्मृती पक्की होते, तशी ती बदलूही शकते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये दीडशे विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची छोटीशी चित्रफीत दाखवली. पन्नास जणांना विचारलं, ‘गाड्या एकमेकींवर आदळून चुराडा झाला, तेव्हा वेग किती होता?’ दुसऱ्या पन्नास जणांच्या प्रश्नात ‘चुराडा’ नव्हता, गाड्या नुसत्या ‘धडकल्या’ होत्या. उरलेल्यांना वेगाचं काही विचारलंच नाही. आठवड्याने सगळ्यांना एकच प्रश्न: फुटलेली काच दिसली का? चित्रफितीत काच फुटलेली कुठेच नव्हती. तरी ‘धडकल्या’ ऐकलेल्यांपैकी सात जण ‘हो’ म्हणाले, काहीच न विचारलेल्यांपैकी सहा, आणि ‘चुराडा’ ऐकलेल्यांपैकी सोळा. ही माणसं खोटं बोलत नव्हती. प्रश्नातला एक शब्द त्यांच्या आठवणीत शिरला होता.

साक्षीदाराच्या शब्दावर कुणाचं आयुष्य अवलंबून असतं, तेव्हा हे फार गंभीर होतं. चुकीच्या आठवणीवरही माणूस पूर्ण खात्रीने बोलू शकतो, आणि ऐकणाऱ्यावर त्या खात्रीचीच छाप पडते. म्हणून विचारण्याची पद्धत महत्त्वाची. ‘त्याच्या हातात चाकू होता ना?’ असं विचारू नये. ‘काय पाहिलंत ते सांगा’ एवढंच म्हणावं आणि मध्ये न बोलता ऐकावं. साक्षीदारांनी आपापसांत चर्चा करण्याआधीच प्रत्येकाचं म्हणणं वेगवेगळं, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावं. घरात घाबरलेल्या लहान मुलाला काही विचारायची वेळ आली, तरी रीत हीच ठेवावी.