भट्टीच्या आधीचा हिशेब

(दृश्य : शिरोली. लॅडलमधून साच्यात उतरणारे लोखंड.)

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत साच्यात उतरणारे हे लोखंड मोटारीच्या पुढच्या चाकाचे स्टिअरिंग नकल, म्हणजे चाक, ब्रेक आणि सस्पेन्शन यांना जोडणारा भाग, होणार आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यात असे ओतकाम नित्याचे आहे. मात्र भाग कुठे जाड आणि कुठे पातळ असावा, हे बहुधा बाहेरून आलेले ड्रॉइंग ठरवते. तो निर्णय ज्या हिशेबातून निघतो, तो इथेही मांडता येतो.

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर नकल.)

कुठे किती ताण येतो हे दाखवणारे पडद्यावरचे लाल-निळे रंग लक्ष वेधून घेतात, पण खरे काम ते उमटण्यापूर्वीचे आहे : कोणते बळ किती आणि कुठे लावायचे, हे ठरवण्याचे. चाकावरचा स्थिर भार 400 किलो धरला, तर खड्ड्यासाठी रूढ असलेल्या 3 जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट, हिशेबाने उभे बळ सुमारे 11,800 न्यूटन येते. या तिनात स्थिर भार धरला आहे की तो वेगळा, हे लिहून न ठेवल्यास दोन अभियंत्यांची उत्तरे निराळी येतात, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

(दृश्य : जॅकवर चढवलेली गाडी, कॅलिपरचे बोल्ट.)

कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क दाबून धरणारा भाग, नकललाच बोल्टने आवळलेला असल्यामुळे ब्रेक लावताना रस्त्याने टायरला मागे ओढल्याचा सगळा पीळ नकलमध्ये उतरतो. म्हणून हे बळ टायर जमिनीला टेकतो तिथे लावावे लागते. इंजिन चाक फिरवते, तेव्हा तो पीळ शाफ्ट सोसतो आणि बळ चाकाच्या मध्यावर लावले जाते.

(दृश्य : करूळ घाटातले वळण.)

वळणावर ब्रेक लागला की आडवे बळही त्यात मिसळते. टायरची पकड मात्र एकच असल्याने दोन्ही बळे पूर्ण धरणे हा अतिरेक ठरतो. प्रत्येकी सुमारे 0.7 पट धरणे सयुक्तिक असते. बॉल जॉइंटची, म्हणजे नकलला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या, सर्व दिशांना फिरू शकणाऱ्या सांध्यांची टोके मॉडेलमध्ये फिरूच न देता जखडली, तर प्रत्यक्षात नसलेला ताण पडद्यावर दिसतो.

नकल तुटल्यास चाकावरचा ताबा जातो, त्यामुळे थकव्याची, म्हणजे वारंवार बदलणाऱ्या भाराने धातूला तडा जाण्याच्या शक्यतेची, तपासणी स्वतंत्रपणे करावी लागते.

(दृश्य : पॅटर्न शॉप.)

ड्रॉइंगसोबत लोड केसचा, म्हणजे खड्डा, ब्रेक, वळण अशा प्रत्येक प्रसंगातल्या बळांचा, तक्ताही फाउंड्रीत आला, तर राइझर, म्हणजे थंड होताना आकसणाऱ्या भागाला वितळलेला धातू पुरवणारा साठा, कुठे बसवायचा आणि आकसण्याची पोकळी कोणत्या कोपऱ्यात अजिबात चालणार नाही, हे पॅटर्न, म्हणजे साचा घडवण्यासाठीचा नमुना, बनवण्याआधीच ठरवता येते.